मुद्दाम ठेवलेली चूक

१

मालकांच्या खोलीचं दार उघडलं आणि बाईंना आपलं सातवं प्रकरण खुर्चीत बसलेलं दिसलं.

खुर्ची खिडकीकडे वळवलेली. चष्म्याची घडी टेबलावर. उरलेली काडतुसं टाचण्यांच्या वाटीत, गालिच्यावर एक रिकामं टरफल, आणि खुर्चीबाहेर लोंबणाऱ्या उजव्या हाताच्या बरोबर खाली काळं पिस्तूल. खिडकीचा पडदासुद्धा अर्धाच ओढलेला. बाईंनीही कागदावर तो अर्धाच ओढला होता. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त लिहिताना त्यांनी रक्ताला वास दिला नव्हता.

"काका!" मालकांचा पुतण्या ओरडला आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसला.

रहस्यकथा लिहिता लिहिता बाईंनी किती जणांना यमसदनी धाडलं असेल, त्याची गणती त्या वरच्याकडेच. पण खरं प्रेत त्यांनी जवळून पाहिलं होतं ते एकच, आपल्या नवऱ्याचं, आणि ते झोपल्यासारखं होतं. हे तसं नव्हतं.

मालक या प्रकाशनसंस्थेचे धनी. खाली छापखाना, वर कचेरी. दुपारचं जेवण झालं की ते खुर्चीतच डुलकी काढत, आणि त्याच वेळी खाली यंत्रं सुरू होत. मग लाकडी जमीन हादरे, पेल्यातलं पाणी थरथरे, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. त्या गदारोळात एक गोळी सुटली काय नि न सुटली काय, कोणाला पत्ता लागणार? बाई तरी इथे का आल्या होत्या? मालकांचा निरोप होता, "सातव्या प्रकरणाबद्दल बोलायचंय, ताबडतोब या."

धावत आलेल्या माणसांत चित्रकार होता, पुस्तकांच्या वेष्टनांवरची चित्रं काढणारा. त्याच्या मागून मास्तर आले. मास्तर म्हणजे संपादक. बाईंची पहिली गोष्ट त्यांनीच हातात धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. त्यांना ना बायको, ना पोर. कचेरीतलं टेबल हाच त्यांचा संसार.

त्यांनी आत एक नजर टाकली आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरी, बघू नकोस. चल बाहेर."

"मास्तर, हे... हे माझं..."

"कळलं मला. त्यांनी नुकतंच वाचून संपवलं होतं ना! डोक्यात घेतलं असणार. एकटा जीव, कोण जाणे मनात काय चाललं होतं. पण तुझा दोष नाही हो, ध्यानात ठेव."

दोष नाही म्हणाले, आणि बाईंना तेव्हाच प्रथम वाटलं, की दोष आपलाच आहे. आपण लिहिलं, त्यांनी वाचलं आणि केलं.

पोलीस आले. मोठ्या पोटाचे, हळू चालणारे एक साहेब गुडघ्यांवर हात टेकून पिस्तुलाशी वाकले. मग मान वर न करता म्हणाले, "मेल्यानंतर या माणसाने हत्यार आवरून ठेवलंय. अशी शिस्त मी आजवर पाहिली नव्हती."

२

"मी तुमची पुस्तकं वाचत नाही, बाई," साहेब म्हणाले. "राग मानू नका. न्हावी घरी गेल्यावर पुन्हा कात्री हातात घेतो का? पण हे पिस्तूल मला वाचता येतं."

त्यांनी रुमालाने ते उचललं. "ही वरची स्लाइड. गोळी सुटली की ती मागे जाते नि परत पुढे येते. पण शेवटची गोळी सुटली की या जातीच्या पिस्तुलाची स्लाइड मागेच अडकते. तोंड उघडं टाकून बसते. 'बाबा रे, आता आत काही नाही,' असं सांगायला. ती हाताने मुद्दाम मिटवली तरच मिटते. आपोआप नाही, पडून नाही. तिला अडकवणारा खटका चांगला घट्ट आहे, मी पाहिलं. आता बघा. काडतुसं भरायचं मॅगझीन रिकामं, नळी रिकामी, एकच गोळी होती ती सुटली. आणि स्लाइड मिटलेली."

पुतण्या पुढे सरकला. "म्हणजे?"

"म्हणजे गोळी सुटल्यावर कोणीतरी ती मिटवली. तुमचे काका तर तेव्हा या जगात नव्हते. ठसेही सगळे पुसलेत. हा खून आहे."

खाली यंत्रं बंद केली होती. इतक्या शांततेची त्या इमारतीला सवय नव्हती.

"पिस्तूल कोणाचं?"

"काकांचंच. परवाना आहे. साफ करायला दिलं होतं, आज सकाळी परत आलं."

"कोणी आणलं?"

पुतण्याने बाईंकडे पाहिलं. चित्रकाराने पाहिलं. मास्तरांनी तेवढी मान खाली घातली.

"माझ्या थोरल्या दिरांनी," बाई म्हणाल्या. "ते बंदूकसाज आहेत, हत्यारं दुरुस्त करतात. माझ्या पुस्तकांत हत्यारांचं जे काही येतं, ते तपासून देतात."

"तपासून!" पुतण्या फिसकारला. "साहेब, तेच तर झालं. आमच्या पुस्तकांत दर वेळी बंदुकीचं काहीतरी चुकतं आणि वाचक फिदीफिदी हसतात. एकाने विचारलं होतं, तुमचं रिव्हॉल्व्हर कोंबडी आहे का हो, दर गोळीला अंडं टाकायला? रिव्हॉल्व्हरमधून टरफल बाहेर पडत नाही म्हणे. आज काकांनी त्यांना तोंडावर सुनावलं. म्हणाले, दुकान बंद करा आणि भाजी विका. सगळ्या कचेरीने ऐकलं."

"आणि ते काय म्हणाले?"

"काही नाही. पिस्तूल ठेवलं नि गेले."

"ते देवमाणूस आहेत हो," मास्तर कळवळून म्हणाले. "अपमान गिळून गेले. पण दुपारी जिन्यात त्यांना पुन्हा पाहिलं म्हणतात, तेल लावायचा फडका विसरला होता म्हणून आले होते. तेवढ्यावरून काही कोणी खुनी ठरत नाही."

चांगल्या मनाने केलेली ती वकिली. पण साहेबांनी 'दुपारी' हा शब्द तेवढा उचलला. दिवस मावळायच्या आत भाऊजी कोठडीत होते.

बाई घरी पोचल्या तर थोरली जाऊ उंबऱ्यात उभी होती. केस सुटलेले, डोळे कोरडे.

"आलात? लिहा आता!" जाऊबाई म्हणाल्या. "तुम्हाला पानं भरायला माणसं मारायला लागतात ना? ही घ्या, एक विधवा आयती देते. त्यांनी मुंगी मारली नाही कधी. बंदुका दुरुस्त करतात आणि उंदीर निघाला तर मला हाक मारतात!"

"जाऊबाई, मी त्यांना सोडवून आणते."

"कशाने? गोष्टीने?"

३

कोठडीच्या गजांपलीकडे भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. वहिनी आलेल्या पाहताच सवयीने उठून उभे राहिले.

"भाऊजी, तुम्ही त्यांना का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"चुका तुमच्या नाहीत. माझ्या आहेत."

भाऊजींनी पहाऱ्यावरच्या शिपायाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "वहिनी, तुम्ही मला शपथ घातली होती. देवासमोर घातली होती."

इथे ऐकणाऱ्याला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल. बाईंचं पहिलं पुस्तक छापून आलं त्या रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता. मनात एकच भुंगा: हे वाचून कोणी शिकलं तर? माणूस मारायची रीत मी बाजारात बसून विकली तर? ज्या देवाने माणसात जीव घातला त्याच्यापुढे उद्या कोणत्या तोंडाने उभी राहू? तेव्हापासून त्यांनी एक नेम धरला. भाऊजी हत्यारांचं सगळं नीट तपासून देत, आणि शेवटची प्रत उतरवताना बाई त्यात मुद्दाम एक चूक घालत. लहानशी, पण नेमकी अशा जागी, की पुस्तकावर विसंबून कोणी वाईट काम करायला गेलाच तर तिथेच त्याचा पाय अडकावा. गोऱ्यागोमट्या बाळाला गालावर तीट लावतात, तशी. भाऊजी हसून विचारत, "वहिनी, लावलीत का तीट?" हे त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं की चूक दुरुस्त करून वाचता येणार, मग तिचा उपयोग काय?

लोक हसले तर बाई मनात म्हणत, हसू देत. आपल्यावरच हसतायत ना!

"सातव्या प्रकरणात मी काय बदललं होतं, आठवतं?" बाईंनी विचारलं.

"मी स्लाइड उघडी लिहा म्हटलं होतं. तुम्ही मिटवलीत."

"मालकांच्या हाताखाली पिस्तूल पडलं होतं, त्याची स्लाइड मिटलेली होती, भाऊजी."

भाऊजींचा हात गजावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उडाला, की शिपाईसुद्धा पुढे आला.

"म्हणजे तुमची तीट..." ते म्हणाले, "तुमच्या तिटेने खुनी..."

"शपथ मी घातली होती, मीच सोडवते."

४

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कचेरीतच टेबल मांडलं. बाईंचं सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"म्हणजे ती शेवटची, चूक घातलेली प्रत ज्याने वाचली, त्याने खून केला?"

"हो."

"आणि ती चूक तुमच्या दिरांना ठाऊक होती."

"होती. म्हणूनच त्यांनी ती चूक केली नसती."

"बाई, हुशार माणूस मुद्दाम चूक करतो. तुम्हीच करता की!"

साहेबांनी एकेकाला बोलावलं. बाई कोपऱ्यात बसून राहिल्या.

पुतण्या आला तो घामेघूम. "खरं सांगतो, काका गेल्यावर हे सगळं माझंच. मला हा कारखाना नकोच होता, हेही खरं. पण मी ते प्रकरण वाचलं नाही."

"पुरावा?"

"साहेब, मी कुठलंच प्रकरण वाचत नाही. जन्माला आल्यापासून इथे कागदाचा वास घेतोय, मला छापलेलं काही दिसलं की मळमळतं. शाळेत असताना काकांनी वाचायला बसवलं तर मी पुस्तकावरच... जाऊ दे. कोणालाही विचारा."

बाईंनी मान डोलावली. ते जगजाहीर होतं. बाहेर बसलेले कारकून म्हणत, धाकटे मालक सही करताना डोळे मिटतात.

चित्रकार आला तो रागात. "वेष्टन नाकारलं म्हणून मी जीव घेईन? मग आजवर या शहरात एक प्रकाशक शिल्लक राहिला नसता."

"वेष्टन का नाकारलं?"

"मालकांनी नाही, मास्तरांनी. मी बंदूकसाजाच्या दुकानात बसून खरं पिस्तूल समोर ठेवून चित्र काढलं. हात लावू देत नव्हते, म्हणाले लांबून बघ. शेवटची गोळी सुटल्यावर कसं दिसेल विचारलं, तर त्यांनी ते तसं, तोंड उघडलेलं, टेबलावर ठेवलं. तसं काढलं मी. तर मास्तरांनी लाल पेन्सिलीने गोल केला. 'मजकुराशी जुळत नाही. स्लाइड मिटलेली हवी.' म्हटलं, मास्तर, मी डोळ्यांनी पाहिलंय. तर म्हणाले, तुझे डोळे राहू दे, पुस्तक जाणकाराने तपासलंय. मी काल सकाळी चित्र घेऊन सरळ मालकांकडे गेलो."

"मग?"

"मालकांनी चित्र बघितलं, पान बघितलं, आणि मास्तरांना आत बोलावलं. मी निघून आलो."

बाईंनी आपली खुर्ची आणखी कोपऱ्यात सरकवली. का ते त्यांना त्या क्षणी स्वतःला सांगायचं नव्हतं.

शेवटी मास्तर आले. धुतलेले कपडे, हातात काठी.

"मालकांनी तुम्हाला कशाला बोलावलं होतं?"

"चित्र आणि मजकूर जुळत नव्हते. मी म्हटलं, मजकूर बरोबर आहे. एवढंच."

"पिस्तुलाचं तुम्हाला काही कळतं?"

मास्तर मंद हसले. "साहेब, मी आयुष्यात पिस्तुलाला हात लावला नाही. मला कळतं ते कागदावरचं. आणि कागदावर या पोरीने आजवर मला फसवलं नाही."

बाई उठून बाहेर आल्या आणि जिन्यात बसल्या.

५

माणूस सत्य शोधायला निघतो तेव्हा त्याला वाटतं, सापडलं की बरं वाटेल. वैऱ्याच्या घरात सापडलं तर वाटतंही. पण गुरूच्या घरात सापडलं तर? बाई जिन्यात बसून हात जोडून म्हणाल्या, "देवा, दुसरं कोणीतरी काढ. माझं गणित चुकव."

पण गणित चुकत नव्हतं. साहेब त्यांच्या मागोमाग बाहेर आले तेव्हा बाई डोळे पुसून उभ्या राहिल्या.

"साहेब, हुशार माणूस मुद्दाम चूक करतो म्हणालात, त्याचं उत्तर देते. गोळी सुटली. पिस्तुलाने आपलं आपण तोंड उघडलं. आता समजा, खुनी हत्यारं जाणणारा आहे. तो काय करील?"

"तसंच राहू देईल. ते बरोबरच आहे."

"आणि समजा, त्याला यातलं ओ की ठो कळत नाही."

साहेब थांबले. "तोही तसंच राहू देईल. त्याला वाटेल, असंच असतं."

"मग मिटवील कोण? जाणणारा मिटवणार नाही, न जाणणाराही मिटवणार नाही. मिटवील तो फक्त चुकीचं शिकलेला. ज्याच्या डोक्यात आधीपासून एक चित्र आहे, आणि समोरची वस्तू त्या चित्राशी जुळत नाही म्हणून जो वस्तूच दुरुस्त करतो."

"आणि तुमचे दीर मुद्दाम..."

"कशासाठी? त्यांना आत्महत्या भासवायची असती, तर उघडी ठेवली असती. खून दिसावा असं वाटत असतं, तर चष्म्याची घडी आणि अर्धा पडदा कशाला? मुद्दाम केलेली चूक कोणाच्या तरी भल्याची असते, साहेब. यात कोणाचं भलं आहे? ही चूक ज्याने केली, त्याला ती चूक वाटलीच नाही."

"चुकीचं शिकलेले किती?"

"शेवटची प्रत तिघांनी वाचली. मालक गेले. चित्रकाराने खरं पिस्तूल उघडलेलं पाहिलंय, स्वतःच्या हाताने तसं काढलंय. त्याच्या डोक्यातलं चित्र बरोबर आहे."

तिसरं नाव त्यांनी घेतलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही.

"हे झालं तर्काचं," साहेब म्हणाले. "न्यायाधीशापुढे मी तर्क उभा करू शकत नाही."

"मग एक करून बघा," बाई म्हणाल्या. आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं त्यांनाच भय वाटलं. "पिस्तूल रिकामं करून, स्लाइड उघडी ठेवून टेबलावर ठेवा. तिघांना बोलवा. आणि म्हणा, हे मिटवता येत नाही."

६

टेबलावर पिस्तूल होतं. तोंड उघडलेलं, आत रिकामं मॅगझीन. साहेबांनी नळीत सळई घालून सगळ्यांना दाखवली आणि काढून घेतली.

"पंचनाम्यासाठी हे होतं तसं मिटवून ठेवायचंय," ते कंटाळल्यासारखे म्हणाले. "माझ्या माणसाला जमेना. धाकटे मालक, बघा बरं तुम्ही."

पुतण्याने ते मेलेला उंदीर धरावा तसं धरलं. स्लाइड आणखी मागे ओढली, सोडली. ती पुन्हा तिथेच अडकली. पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. "मोडलंय हे," तो म्हणाला आणि हात पँटला पुसले.

चित्रकाराने ओठ चावत वरून दाबून पाहिलं, समोरून ढकललं. "दिसतं कसं ते मला माहीत आहे, मिटतं कसं ते नाही. बंदूकसाजाला बोलवा ना, तुमच्याकडेच तर आहे तो!"

"अहो, असा जोर नका लावू," मास्तर म्हणाले.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. नका, मास्तर. त्याला हात लावू नका. आयुष्यात एकदा, एकदाच, समोर चुकलेलं दिसतंय ते तसंच राहू द्या.

चित्रकाराने पुन्हा ओढलं. खडखड झालं.

"अरे, राहू दे, राहू दे! घासून खराब करशील. इकडे आण." मास्तरांनी काठी टेबलाला टेकवली, पिस्तूल डाव्या हातात घेतलं आणि उजव्या अंगठ्याने, न पाहता, बाजूची बारीक कळ दाबली.

खट्.

स्लाइड मिटली. मास्तरांनी पिस्तूल टेबलावर नीट सरळ ठेवलं, हस्तलिखिताची चळत ठेवावी तसं. मग त्यांना खोलीतली शांतता ऐकू आली.

"मास्तर," चित्रकार कुजबुजला, "तुम्हाला ही कळ कशी ठाऊक?"

मास्तर आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"मालकांनी चित्र एका हातात धरलं आणि पान एका हातात," ते बोलू लागले. आवाज रोजचाच, शांत. "म्हणाले, चित्रकाराला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. दर पुस्तकात जग आपल्याला हसतं ते तुमच्यापायी. तुमचे डोळे गेले, मास्तर, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, मजकूर बरोबर आहे. तर त्यांनी खुर्ची फिरवली, खिडकीकडे. मी तिथे नाहीच, अशी."

"आणि दुपारी?"

"दुपारी परत गेलो ते पाया पडायला. एवढी वर्षं ज्या टेबलावर गेली, ते मागायला. ते झोपले होते. खण उघडा होता, आत पिस्तूल आणि काडतुसं." त्यांनी घसा साफ केला. "सातवं प्रकरण मला पाठ होतं. सगळं तसंच झालं. फक्त शेवटी ती स्लाइड मागेच राहिली. मला वाटलं, बिघडलं. पुस्तकात तर मिटलेलं आहे, आणि पुस्तक जाणकाराने तपासलेलं. मग मी ते मजकुराशी जुळवून घेतलं. कळ शोधायला जरा वेळ लागला."

पुतण्या तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळला.

"त्यांच्या अंगावर रक्त होतं, मास्तर," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही जुळवत बसलात?"

मास्तरांनी वर पाहिलं. डोळ्यांत प्रथमच भीती होती, पण ती कोठडीची नव्हती.

"पोरी, ते चुकीचं होतं?"

"हो."

"तुझ्या दिरांकडून राहिलं?"

"त्यांनी बरोबर सांगितलं होतं. मी बदललं. दर पुस्तकात एक मी बदलत आले. कोणी शिकू नये म्हणून."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मास्तर खुर्चीत बसले. "म्हणजे माझे डोळे... मला दोनदा शंका आली होती. मग म्हटलं, पोरगी चुकायची नाही. मला का नाही सांगितलंस गं?"

त्या प्रश्नाला बाईंपाशी एकच खरं उत्तर होतं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही ती चूक राहू दिली असतीत का?"

७

भाऊजी सुटले तेव्हा कोठडीच्या पायऱ्यांवर जाऊबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "दाढी किती वाढलीय बघा, चोरासारखी!" मग पदराने त्यांचं तोंड पुसलं, तिथेच, भर रस्त्यात. धाकट्या जावेचा हात मात्र त्यांनी आपल्या हातात घेऊन ठेवला.

"मास्तर आत आहेत?" भाऊजींनी विचारलं.

"आहेत."

"काही बोलतात?"

"सकाळपासून एकच विचारतायत. शिपायांना विचारतात, साहेबांना विचारतात. साहेब म्हणाले, मला वेळ नाही."

"काय विचारतात?"

"शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागेच का राहते," बाई म्हणाल्या. भाऊजी वळले आणि पुन्हा पायऱ्या चढू लागले.

"अहो!" जाऊबाई किंचाळल्या. "सुटलेला माणूस परत आत जातो का? ज्याच्यापायी दोन रात्री गजाआड काढल्यात, त्याच्याकडेच?"

"आलो," भाऊजी म्हणाले.

बाई त्यांच्यामागे गेल्या, पण दारापर्यंतच. पुढे पाऊल पडेना. आत भाऊजी गजांसमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. पलीकडे मास्तर, तसेच, मांडी घालून. चष्मा काढून घेतलेला, त्यामुळे चेहरा उघडा पडल्यासारखा. भाऊजी दोन्ही हात हवेत धरून समजावत होते. एक हात पिस्तूल, दुसरा स्लाइड.

"ही अशी मागे जाते. मॅगझीनमध्ये खाली स्प्रिंग असते, ती काडतुसं वर ढकलते. काडतूस असेल तर ते वर येतं आणि स्लाइड पुढे जाऊन मिटते. काडतूसच उरलं नाही, की ती स्प्रिंग रिकामा तळ वर ढकलते. तो जाऊन खटक्याला लागतो. खटका उचलला, की स्लाइड अडकली."

"म्हणजे रिकामेपणच तिला धरून ठेवतं," मास्तर म्हणाले.

"तसंच म्हणा."

"पुन्हा एकदा सांगा."

भाऊजींनी पुन्हा सांगितलं. न कंटाळता, हात तसेच धरून. मास्तर पुढे झुकून ऐकत होते. ओठ हलवून मनात उतरवून घेत होते. ज्यांनी माणूस मारला तेच हे हात, आणि मांडीवर ते किती शांत पडले होते! बाईंना हुंदका आवरला नाही. त्यासरशी मास्तरांनी दाराकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना कोण ते दिसलं नसावं, पण ओळखलं.

"आता कळलं गं," ते म्हणाले. "सगळ्या पुस्तकांत दुरुस्त करून घे, पोरी. पुढच्या आवृत्तीत राहायला नको."